यादीत पुणं नव्हतं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो बाबांची कंपनी बंद पडल्यावर. त्याआधी विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत सकाळ म्हणजे आईचा कुकर, लोहगावहून उडणारी लढाऊ विमानं आणि बाबांचा रेडिओ. विमान डोक्यावरून गेलं की कुकरची शिट्टी त्यात बुडायची आणि आई हमखास विचारायची, "आत्ता झाली का रे एक?" रेडिओवर बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके पडायचे. बाबा त्या ठोक्यांवर मनगटी घड्याळ लावत, मग भिंतीवरचं, आणि कॉम्प्युटर आल्यावर त्याचंही. नगर रोडच्या एका कारखान्यात ते प्लॅनिंग खात्यात कारकून होते. कुठला सुटा भाग कुठल्या पाळीत कुठे पोचला पाहिजे, याचे तक्ते करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. कारखान्याला कुलूप लागलं तरी हाताला तक्त्यांची सवय राहिली होती आणि भरायला तक्ते नव्हते.

जन्मपत्रिका काढून द्यायची कल्पना आईची. बाबांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता. ताईची आणि माझी पत्रिका त्यांनी कधी करूनच घेतली नव्हती. पण आई म्हणाली की तुम्हाला विश्वास ठेवायला कोण सांगतंय, आकडे बरोबर लिहायचे आहेत, ते तुम्हाला येतं. हे बाबांना पटलं. माझा मित्र निखिल तेव्हा वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होता. त्याच्या एका प्राध्यापकांनी ग्रहगणिताचा प्रोग्राम लिहिला होता आणि ते तो कोणालाही फुकट देत. तो लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायचा. बाबांना तेवढंच हवं होतं, कारण सगळं गाव वापरायचं ती नक्कल केलेली विंडोज घरात आणायला त्यांची तयारी नव्हती. चोरीच्या मशीनवर लोकांची लग्नं जुळवायची का, असं त्यांनी निखिललाच विचारलं होतं. निखिलने एका मासिकाबरोबर मिळालेल्या लिनक्सच्या सीड्या आणल्या आणि एका रविवारी सकाळी तो ते बसवायला बसला.

त्या सकाळी जे घडलं ते इतकं किरकोळ होतं की पुढचं सगळं झालं नसतं तर मला आठवलंही नसतं. बरंचसं काम उरकल्यावर पडद्यावर शहरांची एक यादी आली. निखिल म्हणाला, "काका, यातलं आपलं शहर निवडायचं," आणि आईने हाक मारली म्हणून तो थालीपीठ खायला आत गेला. मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. बाबांनी यादी वरून खाली पाहिली आणि मग खालून वर पाहिली. काबूल होतं, कराची होतं, काठमांडू होतं, कोलंबो होतं. पुणं नव्हतं. मुंबईही नव्हती, आणि हे पाहून बाबांना थोडं बरं वाटल्याचं मला स्पष्ट दिसलं. आपल्या देशातलं म्हणून एकच गाव होतं, ते म्हणजे कलकत्ता.

"कलकत्ता निवडू या का?" मी विचारलं.

"आपण कलकत्त्यात राहतो का?"

"नाही."

"मग खोटं कशाला भरायचं?"

कारखान्यात फॉर्म भरताना त्यांचा एक नियम होता. जे आपल्याला लागू नाही तिथे रेघ मारायची, अंदाजाने काही लिहायचं नाही. इथे रेघ मारायची सोय नव्हती, म्हणून यंत्राने आपणहून जे धरलेलं होतं तेच त्यांनी तसंच ठेवलं आणि पुढे जायचं बटण दाबलं. निखिल हात धुऊन येईपर्यंत यादी गेली होती, आणि त्यानेही विचारलं नाही.

दुपारी तो गेल्यावर बाबांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटरचं घड्याळ साडेपाच तास मागे आहे. नवीन वस्तूचं घड्याळ मागेच असतं, दुकानातून आणलेलं भिंतीवरचं घड्याळही आपणच लावतो, असं ते म्हणाले. पडद्यावरच्या घड्याळावर टिचकी मारली की काटे फिरवता येतात हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि संध्याकाळच्या बातम्यांच्या ठोक्यावर ते सेकंदापर्यंत जुळवलं. त्या दिवसापासून ते घड्याळ आमच्या घरातलं सगळ्यात बरोबर घड्याळ होतं.

परवा माझ्या मुलीने नवीन लॅपटॉपवर लिनक्स चढवलं तेव्हा मी मुद्दाम तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. यादी अजून आहे. कलकत्त्याचं आता कोलकाता झालं आहे. पुणं अजूनही नाही. ती क्षणात कोलकाता निवडून पुढे गेली. तिला त्यात काही खोटं वाटलं नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे तुम्ही राहता कुठे हे कोणी विचारत नसतं, घड्याळ कुठल्या देशाच्या वेळेवर चालवायचं एवढंच विचारत असतात. हे कोणी बाबांना त्या रविवारी सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने कलकत्ता निवडलं असतं. यादीवर तसं लिहिलेलं नव्हतं.

काम चांगलं चाललं. प्रोग्राम फक्त आकडे छापायचा. कुठला ग्रह किती अंशांवर, कुठल्या घरात, एवढंच. प्रिंटरची करकर संपली की बाबा तो कागद समोर ठेवून अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या कोऱ्या पत्रिकेत ते सगळं काळ्या आणि लाल शाईने उतरवत. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. लोक पत्रिका हातात घेऊन आधी अक्षराचं कौतुक करायचे. काही जण घरच्या गुरुजींना दाखवून रास आणि नक्षत्र तपासून घेत आणि ते जवळजवळ नेहमी बरोबर निघे. ते का बरोबर निघे हे मला नंतर कळलं. रास आणि नक्षत्र चंद्रावरून ठरतं, आणि साडेपाच तासांत चंद्र फार हलत नाही. पण पत्रिकेतली बारा घरं जन्माच्या वेळेवरून मांडतात, आणि ती साधारण दर दोन तासांनी सरकतात. तिकडे कोणी पाहतच नव्हतं.

ताई तेव्हा कॅम्पातल्या एका ऑफिसात नोकरी करत होती. येरवड्याच्या काळ्यांचं स्थळ ओळखीतूनच आलं होतं. मुलाचं नाव मंदार. दाखवायच्या कार्यक्रमाला पोहे केले तर मी बाहेरच येणार नाही, असं ताईने बजावल्यामुळे आईने वाटली डाळ केली होती, आणि मंदारने ती दोनदा मागून घेतली. त्यानंतर ती दोघं बाहेर भेटली, पुन्हा भेटली. ताई घरी काही सांगणारी नव्हती. पण एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती आईला म्हणाली, "येरवड्याहून मला बस बदलावी लागणार नाही." आईने मान वर केली नाही, नुसतं हूं म्हणाली, आणि ताई आंघोळीला गेल्यावर बाबांना सांगायला बाहेर आली. आमच्या घरात होकार असे कळायचे.

मंदारचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मोकळे गृहस्थ होते. बैठकीची तारीख ठरवायला आले तेव्हा जाता जाता म्हणाले, "अहो, एक पत्रिका असू द्या. आम्ही काही फार बघणारे नाही, पण आमच्या घरात विचारतात. तुम्ही तर स्वतःच काढता." बाबांना ते सन्मानासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताईची पत्रिका काढायला बसले. जन्मवेळ इस्पितळाच्या कागदावर होती, ती मी टाईप केली. बाबांनी नवा टाक काढला होता. प्रिंटरमधून कागद आला, त्यांनी उतरवायला सुरुवात केली, आणि मध्येच टाक खाली ठेवला. मंगळ सातव्या घरात होता. पत्रिका मानणाऱ्यांच्या दृष्टीने सातवं घर लग्नाचं, आणि तिथे मंगळ असलेली मुलगी म्हणजे नवऱ्याला धोका. बाबांनी मला पुन्हा टाईप करायला लावलं. पुन्हा तोच कागद आला.

आई स्वयंपाकघरातून आली. तिला सांगावं लागलं नाही, ती कागद वाचायला शिकली होती. ताई ऑफिसात होती. विमानं उडत होती, आणि त्या आवाजातच ते दोघं बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं नाही. जे ऐकू आलं ते हे.

"अहो, वेगळ्या घरात लिहा. कोण तपासणार आहे?"

"दुसऱ्यांच्या मुलींचे मंगळ मी लिहिले ना?"

"तुमचा विश्वास तरी आहे का यावर? एक आकडा तर आहे."

"आकडा आहे म्हणूनच," बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांना काहीतरी म्हणावं असं तिला वाटत होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला दोघांचंही पटत होतं. बाबांनी लाल शाईने सातव्या घरात मंगळ लिहिला, नेहमीच्याच अक्षरात. शाई वाळेपर्यंत ते कागद धरून बसले.

चार-पाच दिवसांनी काळ्यांचा फोन आला. ते फार नरमाईने बोलले. घरातल्या बायका ऐकत नाहीत, मंदारची आजी तर अंथरुणाला खिळली आहे, तुम्ही समजून घ्याल. बाबा समजून घेतलं म्हणाले. ताई त्या रात्री सगळ्यांबरोबर जेवली आणि तिने मला चिडवलंही, पण दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी उशिरा घरी येऊ लागली. कुठे असतेस असं आईने विचारलं तेव्हा बस मिळाली नाही म्हणाली. मंदारने तिला फोन केला होता की नाही हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. केला होता. आईच्या मनाविरुद्ध आपण काही करू शकत नाही, असं तो म्हणाला होता. ताई आता नाशिकला असते, तिचं छान चाललं आहे, आणि हे प्रकरण लिहू का असं मी तिला विचारलं तेव्हाच तिने मला हे सांगितलं. लिही म्हणाली, मंगळाला मात्र नावं ठेवू नकोस, त्याचा काही संबंध नव्हता.

निखिल तेव्हा ट्रेनिंगला बंगळूरला होता. आमचं ईमेल चालायचं. तो सुट्टीला आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला, "तुझी मेल मला भविष्यातून येते. दुपारी पाठवतोस आणि वर संध्याकाळची वेळ असते. पत्रिकेच्या मशीनवरून पाठवतोस म्हणून का?" आम्ही हसलो. मग त्याचं हसणं थांबलं आणि तो मशीनसमोर जाऊन बसला. त्याने तारीख विचारायचा साधा हुकूम टाईप केला. उत्तर आलं. वार बरोबर, तारीख बरोबर, वेळ अगदी भिंतीवरच्या घड्याळाबरोबर, आणि त्याच्या शेवटी तीन इंग्रजी अक्षरं, यूटीसी. ती तीन अक्षरं मी कितीदा तरी पाहिली होती. मला वाटायचं तो कंपनीचा शिक्का असेल.

त्याने समजावलं ते असं. यूटीसी म्हणजे ग्रीनिचची वेळ, आणि हे मशीन स्वतःला त्याच वेळेवर समजतं. काकांनी काटे पुढे करून आपली वेळ लावली, पण मशीनला ती आपली वेळ आहे हे कोणी सांगितलं नाही. म्हणून पुण्यात सकाळी जन्मलेलं मूल तिथे ग्रीनिचच्या सकाळी जन्मतं, म्हणजे आपल्याकडच्या दुपारी. बाबा मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे कलकत्ता निवडायला हवं होतं?"

"हो काका. सगळ्या भारताचं तेच."

निखिलने मशीनची ग्रीनिचच्या वेळेशी असलेली जोडणी काढून कलकत्त्याची जोडली. पडद्यावरचं घड्याळ एकदम साडेपाच तास पुढे उडालं. मग त्याने ते मागे आणून बरोबर केलं, आणि यंत्राच्या आत, ते बंद असतानाही चालणारं जे घड्याळ असतं, त्यालाही ते पढवलं. एवढंच काम होतं. चहा निवायच्या आत झालं. बाबांनी मला ताईची जन्मवेळ टाकायला सांगितली. कागद आला. मंगळ दहाव्या घरात होता. दहाव्या घरातल्या मंगळाला कोणाचीच हरकत नसते.

बाकीच्या लोकांच्या पत्रिकांचं काय, हा प्रश्न बाबांना त्याच क्षणी पडला असणार. त्या सगळ्या त्यांनी पुढे नव्याने लिहिल्या आणि आम्ही घरोघर पोचवल्या. कोणी हसले, कोणी दार लावून घेतलं. ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी आई म्हणाली, आधी येरवड्याला जा.

ताईने त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रविवारी सकाळी बाबांचा पांढरा शर्ट तिने स्वतः इस्त्री केला, कॉलरला दोनदा. आम्ही निघालो तेव्हा ती गॅलरीत आली होती. मी वर पाहिलं तर कुंडीतली माती उकरत होती. त्या कुंडीत काही लावलेलं नव्हतं.

काळेकाकांनी आम्हाला अगत्याने बसवलं. मंदारच पाणी घेऊन आला. बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि पहिल्यापासून सांगितलं. यादी, कलकत्ता, ग्रीनिच, काटे. कारखान्यात वरिष्ठांना चूक समजावून सांगावी तसं त्यांनी सांगितलं, एकही पायरी न गाळता. पुणं यादीत नव्हतं म्हणून कलकत्ता निवडलं नाही, इथे काळेकाका मोठ्याने हसले. "बरोबर केलंत. मीही निवडलं नसतं." मला वाटलं झालं. मंदार आतल्या दाराशी उभा होता आणि तोही हसत होता.

मग काळेकाकांनी चष्मा काढला.

"मला पटलं," ते म्हणाले. "शंभर टक्के पटलं. पण आत जाऊन सांगू काय? मुलीच्या वडिलांनी मंगळ लिहून दिला, आम्ही नाही म्हटलं, तर महिन्याभरात त्याच हाताने काढून आणला?"

"कुठल्याही गुरुजींना दाखवा. जन्मवेळेचा कागद आणलाय मी."

"वेळ बदलून घेतली म्हणतील. अहो, एकदा कानावर गेलं ना, की मग मंदारला साधा ताप आला तरी सुनेकडे बघतील. तुमच्या मुलीला ते चालेल का?" मग ते हळू म्हणाले, "आम्ही सहज मागितली होती हो. तुम्ही पहिल्याच वेळी काहीही लिहून दिलं असतंत तरी कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नसतं."

काळेकाका पुढे झुकले. त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं मला आजही वाटतं. बाबांनी नुसतं हो म्हटलं असतं तर कदाचित ते उठून आत गेले असते.

"तुम्ही माझ्या जागी असतात, तर हा दुसरा कागद मानला असतात?"

बाबांनी विचार केला. एखादी बेरीज तपासताना करत तसा, घाई न करता. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हो म्हणा, आता एकदा हो म्हणा.

"नाही," बाबा म्हणाले. "मीही मानला नसता."

काळेकाकांनी मान हलवली. दाराशी पाहिलं तर मंदार तिथे नव्हता. आम्हाला चहा दिला गेला, तो आम्ही प्यायलो. निघताना काळेकाकांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यावर चिडलो होतो, आणि तुम्ही असं का म्हणालात हे विचारायचं मी बसमधून उतरेपर्यंत ठरवत राहिलो. उतरल्यावर त्यांच्याबरोबर मुकाट्याने चालू लागलो. काय उत्तर येईल ते मला माहीत होतं.

घरी आईने मेतकूट-भात कालवून ठेवला होता. बाबांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि हात धुवायला गेले. आईने माझ्याकडे पाहिलं, मी नाही अशी मान हलवली, ती ताटं घ्यायला वळली. ताईने पिशवीतून कागद काढला. ती नवी पत्रिका तिने अजून पाहिली नव्हती. बाबांनी ती तिच्यासाठी पहिल्यापेक्षाही सुंदर अक्षरात लिहिली होती, काठावर लाल रेघ ओढून. उजेडाकडे धरून ती सावकाश वाचत राहिली. सगळी घरं वाचली. बाबा पंचाला हात पुसत दाराशी येऊन थांबले.

"यात मी बरी दिसते," ताई म्हणाली. फोटो पाहून म्हणावं तशी.

तिने कागद घडीवर घडी घालून बाबांच्या हातात दिला आणि ताटं मांडायला आईच्या मागे गेली. बाबा तो धरून तिथेच उभे होते. जेवायला चला असं आईने दोनदा म्हटल्यावर, तिच्याकडे न पाहता, ते म्हणाले, "आता वेळ बरोबर आहे."